सुज्ञ सामान्य व्यक्ती आणि मी

विमा कंपनीच्या बाईंनी मला फोनवर अत्यंत अदबीने विचारलं, "मिस्टर टोलेफसन, त्या क्षणी तुम्ही एक सुज्ञ सामान्य व्यक्ती म्हणून वागत होतात, असं तुम्हाला वाटतं का?"

मला धक्काच बसला. इतक्या वर्षांच्या आयुष्यात हा प्रश्न मला कुणी तोंडावर विचारला नव्हता. लोकांच्या मनात तो येऊन गेला असेल, नाही असं नाही. पण आमच्या टोर्विक गावात मनात आलेलं विचारून टाकायची पद्धत नाही. शिवाय माझी सगळी नोकरी शाळेच्या ग्रंथालयात गेली, आणि तिथे माणूस सुज्ञ आहे की नाही हे न तपासता त्याच्या हातात पुस्तकं देतात. त्यामुळे हा मुद्दा कधी धसाला लागलाच नाही.

"जरा थांबता का?" मी म्हणालो. "बायकोला विचारून सांगतो."

हे सगळं झालं एका काठीमुळे.

लेफ्सा उलटायची काठी. लेफ्सा म्हणजे बटाट्याची पोळी. कागदासारखी पातळ लाटायची, मोठ्या गोल तव्यावर टाकायची आणि फाटायच्या आत उलटायची. त्यासाठी हातभर लांब, चपटी, टोकाला निमुळती अशी लाकडी काठी लागते. माझ्या बायकोची, व्हर्नाची, काठी तिच्या आजीने नॉर्वेहून अमेरिकेला येताना आणलेली होती. बोटीतून, बर्फातून, दोन महायुद्धांतून ती सुखरूप आली आणि शेवटी माझ्या हातून मोडली. पक्ष्यांवरचं एक पुस्तक कपाटामागे पडलं होतं, ते काढायला मी ती घेतली. काठी मधोमध मोडली. पुस्तक अजून तिथेच आहे.

व्हर्ना मोडलेल्या काठीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "असू दे."

आमच्याकडच्या बोलण्याचं गणित माहीत नसेल त्याला वाटेल, चला, मिटलं. नाही. आमच्याकडे राग आला तर "असू दे" म्हणतात. फार राग आला तर "असू दे, काही हरकत नाही" म्हणतात. आणि एखादी गोष्ट जिवापलीकडे आवडली तर "याहून वाईट असू शकलं असतं" असं म्हणतात. याच्यापुढे कौतुक जात नाही. आमच्या लग्नात व्हर्नाच्या वडिलांनी माझ्याबद्दल हेच वाक्य उच्चारलं आणि तिच्या मावश्यांनी डोळे पुसले.

तर त्या "असू दे"ने मी रात्रभर तळमळलो आणि सकाळी गॅरेजमध्ये जाऊन नवी काठी तासायला बसलो. आठवड्यावर चर्चचं जेवण आलं होतं आणि लेफ्सा करायचं काम व्हर्नाकडे होतं. मी लाकडाला चाकू लावल्याचा हा पहिलाच प्रसंग. लाकूडकामावरची दोन पुस्तकं मात्र वाचली होती. दोन्हींत लिहिलं होतं की चाकू नेहमी स्वतःपासून दूर चालवावा. मी तसाच चालवत होतो. फक्त दूरच्या टोकाला माझा दुसरा हात होता, आणि त्याबद्दल पुस्तकांत काही नव्हतं.

अंगठ्याखालचा मांसल भाग असतो ना, तो. मी बराच वेळ त्याच्याकडे नुसता पाहत राहिलो. आपल्या आत इतकं काही आहे याची मला कल्पनाच नव्हती.

स्वयंपाकघरात गेलो. व्हर्ना लाटत होती आणि आर्डिस सोबत बसली होती. आर्डिस म्हणजे चर्चच्या जेवणाची सर्वाधिकारी. जेवणाच्या आधी घरोघरच्या स्वयंपाकघरांत ती "सहज" डोकावते आणि लेफ्से मोजते.

"मला वाटतं," मी म्हणालो, "मला एखादं फडकं मिळालं तर बरं होईल. सवडीने."

व्हर्ना वळली. माझा हात बघून तिचा चेहरा पांढरा पडला. निदान मला वाटलं की हात बघूनच. तिने फडकं गुंडाळलं आणि गच्च धरलं. मग दुसऱ्या हाताने स्वतःचा जबडा चोळला.

"दाढ दुखतेय का?" आर्डिसने विचारलं.

"असेल. सकाळपासून जरा ठणकतंय. काही नाही," व्हर्ना म्हणाली आणि खुर्चीवर टेकली.

लाटता लाटता व्हर्ना खुर्चीवर टेकली, हे माझ्यासमोर घडलं. मी ते पाहिलं. पण माझं सगळं लक्ष माझ्या हाताकडे होतं. इतकं महत्त्व मला आयुष्यात प्रथमच मिळत होतं.

तेवढ्यात मागच्या दाराने क्लिफर्ड आला. हा आमचा शेजारी. काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलणारी गाडी चालवण्यात त्याचा जन्म गेला. हरणांच्या शिकारीच्या हंगामातला पहिला शनिवार होता, गावातले झाडून सगळे पुरुष जंगलात. क्लिफर्डचा गुडघा धरलेला म्हणून तो घरी, आणि त्यामुळे सगळ्या जगावर वैतागलेला. डोक्यावर शिकारीची भगवी टोपी मात्र होती.

"रक्त?" तो म्हणाला. "दाखव बघू, आर्व्हिड. हॅट्! एवढंसं! गोंद लाव गोंद. प्लायवुड चिकटवतो तो. माझ्या भावाने कानाला लावलाय."

"कॉफी घेतोस क्लिफर्ड?" व्हर्नाने विचारलं.

"नको नको."

"आहे की केलेली."

"छे, उगाच कशाला."

"अर्धा कप तरी."

"बरं, अगदीच ओतायची असेल तर दे."

पाहुण्याने दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा हो म्हणायचं, हा आमच्याकडचा नियम. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस एकतर बाहेरगावचा असतो किंवा त्याला नीट वाढवलेलं नसतं. हे सगळं यथासांग होईपर्यंत मी उभा होतो आणि फडकं बदलायला झालं होतं. पण मध्येच तोडणार कसं? आगाऊपणा दिसला असता.

"गोंदबिंद काही नाही," आर्डिस म्हणाली. "टाके पडणार. दवाखान्यात जा."

"आज क्लिनिक बंद. डॉक्टर शिकारीला गेलाय," क्लिफर्ड म्हणाला. "हॉस्पिटल आहे ना कोपऱ्यावर. इमर्जन्सी उघडी असते."

आर्डिसने त्याच्याकडे पाद्र्याने पाप्याकडे बघावं तसं बघितलं. "इमर्जन्सी? हाताला कापलं म्हणून? आमचा मार्विन पाय मुरगळला म्हणून इमर्जन्सीत गेला. कंपनी म्हणाली, ही इमर्जन्सी नव्हेच, ही अर्जंट. अर्जंटचं दार वेगळं. महिनोन् महिने भांडत होता बिचारा. पाय बरा झाला, माणूस खंगला."

"दोन्हींचा अर्थ लवकर बघा असाच ना?" क्लिफर्ड म्हणाला.

"तुला काय कळतंय! तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते दिसतंय की."

आता मला वाचनाचा नाद आहे आणि संकटात माणूस आपल्या नादाकडे वळतो. मी विम्याची पुस्तिका काढायला सांगितली. आमची योजना खासगी कंपनीची होती. तिच्यात व्यायामशाळा फुकट आहे म्हणून आम्ही ती घेतली होती. व्यायामशाळा मी अजून पाहिलेली नाही. आर्डिसने पुस्तिका धरली, मी कोपराने पानं उलटली आणि मोठ्याने वाचू लागलो. अर्जंट केअर म्हणजे असं दुखणं, की जे थांबू शकत नाही, पण ज्याने जीव जात नाही. इमर्जन्सी म्हणजे असं दुखणं, की लगेच उपचार न झाल्यास जीव किंवा अवयव जाईल, असं आरोग्याचं सर्वसाधारण ज्ञान असलेल्या सुज्ञ सामान्य व्यक्तीला वाटेल.

"कुणाला वाटेल?" क्लिफर्डने विचारलं.

"सुज्ञ सामान्य व्यक्तीला."

आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीच पुढे झालं नाही. आमच्याकडे स्वतःला सुज्ञ म्हणवून घेणं म्हणजे भर चर्चमध्ये शिट्टी वाजवण्यासारखं आहे.

"कंपनीला फोन लाव," आर्डिस म्हणाली. "पुस्तिकेवर नंबर आहे."

फोनवर बराच वेळ व्हायोलिन वाजलं. मग एक बाई आल्या. आवाजावरून दक्षिणेकडच्या, उबदार प्रदेशातल्या.

"हॅलो, तुम्हाला त्रास देतोय, माफ करा," मी सुरुवात केली. "तुम्ही कामात असाल तर मी नंतर करतो."

"नाही नाही, बोला ना. काय झालंय?"

"हाताला जरासं खरचटलंय."

आर्डिसने कपाळाला हात लावला. फडकं ठिबकत होतं.

"रक्त थांबलंय का?"

"थांबलं नाहीये, पण घाईतही नाहीये."

"एक ते दहामध्ये वेदना किती?"

इथे मला थोडं सांगायला हवं. आमच्याकडे दहा हा आकडा मेलेल्यांसाठी राखून ठेवला आहे. नऊ कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. क्लिफर्डच्या पायावरून ट्रॅक्टर गेला तेव्हा तो चार म्हणाला होता आणि त्याच्या आईला ते थोडं नाटकी वाटलं. व्हर्नाने आमच्या मुलीच्या जन्माच्या वेळी, सगळी रात्र कळा देऊन झाल्यावर, दोन सांगितलं होतं. तिच्यापुढे मी काय तोंडाने सांगणार?

"दीड," मी म्हणालो.

"दीड?" बाई गोंधळल्या. "सर, मग तुमच्या जिवाला धोका आहे असं तुम्हाला वाटतंय का?"

"तसं मी म्हणणार नाही. उगाच कुणाची मनं कशाला दुखवा."

"म्हणजे इमर्जन्सी नाही?"

"तुमचं काय मत?"

"सर, ते आम्ही सांगू शकत नाही. ते सुज्ञ सामान्य व्यक्तीनेच ठरवायचं असतं."

"आणि ती कुठे भेटेल?"

मग बाई हळुवारपणे म्हणाल्या, "सर, ती तुम्हीच."

मी हादरलो. एवढी मोठी कंपनी, तिची ती काचेची इमारत, आणि सगळा डोलारा उभा कुणाच्या अंदाजावर, तर माझ्या! ज्याला काठी तासता येत नाही त्याच्या! मी घाईघाईने अर्जंट म्हणून टाकलं. बाईंनाही बरं वाटलं. त्यांनी सांगितलं की योजनेत बसणारं सगळ्यात जवळचं अर्जंट केअर बेल रिव्हरला आहे. म्हणजे कोपऱ्यावरच्या हॉस्पिटलवरून जायचं, तळं ओलांडायचं, आणि पुढे तासभर.

"जा तुम्ही," आर्डिस म्हणाली. "तवा मी बघते. काठी नाही तर फुटपट्टीने उलटीन. व्हर्ना, तू राहा गं, दमलेली दिसतेस."

"छे, मी ठीक आहे. त्याला एकट्याला कसं सोडू? तो फॉर्मवर नाव लिहायच्या आधी प्रस्तावना वाचत बसेल," व्हर्ना म्हणाली आणि कोट घालू लागली. कोटाची बाही तिला दोनदा हुकली.

क्लिफर्डच्या ट्रकमध्ये पुढे एकच लांब बाक. मध्ये व्हर्ना, खिडकीशी मी, हात वर धरून, वर्गात उत्तर येत असलेल्या मुलासारखा. ट्रकच्या नाकाला बर्फ ढकलायचं पातं लावलेलंच होतं. बर्फ नव्हता, पण क्लिफर्डला त्याशिवाय उघडं वाटतं. वाटेत त्याने गोंदाचा विषय पुन्हा काढला. मग भावाच्या कानाचा. व्हर्ना एरवी त्याची टोपी उडवल्याशिवाय राहत नाही. ती गप्प होती. मला वाटलं, काठीचा राग अजून आहे.

"व्हर्ना," मी म्हणालो, "मी तुला दुकानातून नवी काठी आणून देईन."

"असू दे," ती म्हणाली. पण हे निराळंच "असू दे" होतं. त्यात राग नव्हता. त्यात काहीच नव्हतं.

बेल रिव्हरच्या हॉस्पिटलला एका भिंतीत दोन दारं आहेत. एकावर निळी पाटी, अर्जंट केअर. शेजारच्यावर लाल पाटी, इमर्जन्सी. मध्ये एक कुंडी. आत एकच इमारत, एकच छप्पर, आणि मला दाट संशय आहे की कॉफीचं यंत्रही एकच. क्लिफर्ड ट्रकमधून उतरून आळीपाळीने दोन्ही पाट्या बघत राहिला.

"म्हणजे या कुंडीच्या इकडे एक आणि तिकडे एक?" तो म्हणाला. "आणि मी कुंडीवर बसलो तर?"

आम्ही निळ्या दाराने शिरलो. मी मनातून खूश होतो. पुस्तिका वाचली होती, फोन केला होता, तासभर आलो होतो, बरोबर दाराने शिरलो होतो. कुणी काही बोलायला जागा नव्हती. नर्सचं नाव ट्रिना, तरुण, कॅलिफोर्नियाहून नुकतीच आलेली. तिने मला पडद्याआड बसवलं, हात सुन्न केला आणि टाके घालायला घेतले. व्हर्ना आणि क्लिफर्ड बाहेर बाकावर. पडदा पातळ होता, सगळं ऐकू येत होतं.

टेबलाशी बसलेल्या मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्हाला थोडं पाणी देऊ का?"

आणि व्हर्ना म्हणाली, "हो."

मी ताठ झालो. ट्रिना म्हणाली, "दुखलं का?"

मला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. आपण थोडे बहिरेच आहोत. शिवाय आपण अर्जंटमध्ये आहोत, घाबरलेले आहोत, आणि मुळात आपल्यावर कुणी विसंबून राहावं असे आपण नाहीच.

बाहेर मुलगी म्हणाली, "आत खाट आहे रिकामी. आडवं व्हायचंय?"

"हो," व्हर्ना म्हणाली. "चालेल."

लग्नाला इतकी वर्षं झाली. त्या सगळ्या वर्षांत व्हर्नाने कुणाकडून पाणी, पाव, खुर्ची, छत्री, माझा कोट, यांतलं काहीही पहिल्या विचारण्याला घेतलेलं नव्हतं. मी तिला मागणी घातली तेव्हाही ती दोनदा नाही म्हणाली, मी लाजून निघून गेलो असतो, तर तिच्या आईने मला फाटकात गाठून सांगितलं, "अरे वेड्या, आणखी एकदा विचार!"

"आर्व्हिड!" पडद्यापलीकडून क्लिफर्डचा आवाज आला. आवाज फाटलेला. "आर्व्हिड, ऐकलंस का तू?"

मी उठलो. सुई, दोरा, हात, सगळं घेऊन उठलो. "सर! अहो सर, अर्धेच झालेत!" ट्रिना ओरडली. मी पडद्यातून, म्हणजे पडद्यासकट, बाहेर आलो.

व्हर्ना बाकावर बसली होती. चेहरा राखेच्या रंगाचा, वरच्या ओठावर घाम. ट्रिना माझ्यामागे धावत आली होती, बिचारीने लगेच वाकून विचारलं, "मॅडम, कुठे दुखतंय? एक ते दहामध्ये किती?"

व्हर्नाने प्रामाणिकपणे विचार केला.

"तीन," ती म्हणाली.

क्लिफर्डने टोपी काढली.

"तीन म्हणजे फार नाही," ट्रिना आम्हाला धीर देत म्हणाली. "आधी ब्लड प्रेशर बघू. मग वाटलं तर तिकडच्या बाजूला पाठवू, त्यासाठी इथून नाव काढून तिथे—"

आणि मग कुणीतरी ओरडलं.

"ही इमर्जन्सी आहे!"

खिडकीच्या काचा थरथरल्या. कोपऱ्यातल्या एका मुलाच्या हातून मासिक पडलं. मी वळून बघितलं की इतकं असभ्य कोण, तर मागे कुणी नव्हतं. तो मीच होतो. ज्याने उभा जन्म पोरांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं, ज्याला हॉटेलात मीठ मागायचा संकोच वाटतो, तो मी सार्वजनिक ठिकाणी गर्जत होतो. आणि धक्क्याची गोष्ट म्हणजे मला थांबता येईना.

"इमर्जन्सी! ऐकताय ना? मी सुज्ञ आहे! मी सामान्य आहे! मी सांगतोय, ही इमर्जन्सी आहे!"

क्लिफर्डने कुणाला विचारलं नाही. भिंतीशी चाकांची खुर्ची होती, तीत त्याने व्हर्नाला बसवलं आणि डोकं खाली घालून ढकलत सुटला, गुडघ्यासकट. वादळातला हमरस्ता मोकळा करत निघाल्यासारखा. निळं दार, कुंडी, लाल दार. कुंडी आडवी झाली. मी मागे, हातातून दोरा लोंबतोय, दोऱ्याला सुई, आणि ती सुई कुणाला टोचू नये म्हणून ट्रिना माझ्यामागे.

लाल दाराच्या आत काचेमागे एक वयस्क बाई बसल्या होत्या. त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, "इमर्जन्सी कशावरून म्हणता?"

मला पुस्तिकेतलं एकही वाक्य आठवेना. जबडा, घाम, थकवा, सगळं सांगायला हवं होतं. तोंडातून आलं ते एवढंच, "तिला पाणी हवं का विचारलं. तर पहिल्याच वेळेला हो म्हणाली!"

ट्रिना माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं असणार, सुन्न करायचं औषध डोक्यात गेलं. पण त्या बाईंनी चष्म्यावरून व्हर्नाकडे पाहिलं. "कुठल्या तुम्ही?"

"टोर्विकच्या," क्लिफर्ड धापा टाकत म्हणाला. "आणि तीन सांगतेय ती!"

"अरे देवा," बाई म्हणाल्या आणि भिंतीवरचं बटण दाबलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. दारं उघडली, माणसं धावली, व्हर्नाला आत नेलं. जाताना ती मला म्हणाली, "आर्व्हिड, तव्याचं काय केलं आर्डिसने, विचार." आणि दारं बंद झाली. मी खुर्चीत बसलो. आयुष्यात प्रथमच माझ्याजवळ पुस्तक नव्हतं आणि मला ते आठवलंही नाही. तिने सकाळी जबडा चोळलेला मी पाहिला होता. खुर्चीवर टेकलेली पाहिली होती. कोपऱ्यावरच्या हॉस्पिटलवरून तिला घेऊन मी तासभर लांब आलो होतो, बरोबर दार शोधत. क्लिफर्ड शेजारी बसून टोपी पिळत होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "गोंदाने काही झालं नसतं रे." त्याच्या तोंडून आलेली ही सगळ्यात मोठी माफी.

कुणीतरी माझा उरलेला हात शिवून टाकला. मी बघितलंही नाही.

मग डॉक्टर आल्या. हृदयाची एक वाहिनी बंद पडली होती, ती उघडली. बायकांच्या बाबतीत छातीत कळ येतेच असं नाही, म्हणाल्या. जबडा दुखतो, गळून जायला होतं, आणि त्या म्हणतात, काही नाही. "वेळेवर आणलंत. इथे दारातच होतात, नशीब. पण तुम्ही ओळखलंत कसं?"

क्लिफर्ड सांगायला लागला. मी त्याला कोपराने ढोसलं. घरातल्या गोष्टी बाहेर कशाला.

चर्चचं जेवण व्यवस्थित पार पडलं. आर्डिसने फुटपट्टीने सगळे लेफ्से उलटले आणि आता म्हणते की काठीपेक्षा फुटपट्टी बरी. काही पोळ्यांवर इंच उमटले होते, इतकंच. कंपनीने व्हर्नाच्या बाबतीत एका शब्दाने खळखळ केली नाही, हेही सांगायला हवं. हृदय त्यांना पटलं. अडलं ते माझ्या हातावर.

"रेकॉर्डप्रमाणे एकच जखम आहे," फोनवरच्या बाई म्हणाल्या, "पण निम्मे टाके अर्जंटमध्ये पडलेत आणि निम्मे इमर्जन्सीत. असं आमच्याकडे कधी आलेलं नाही. शिवाय वेदना दीड लिहिलीय. म्हणून विचारते, जखमेचा दुसरा अर्धा भाग इमर्जन्सी आहे असं ठरवताना तुम्ही सुज्ञ सामान्य व्यक्ती म्हणून वागत होतात का?"

तर मी फोनवर हात ठेवून व्हर्नाला विचारलं. ती खिडकीशी उन्हात बसली होती, पायांवर शाल. बाहेर क्लिफर्ड पातं लावून आमच्या अंगणातला बर्फ ढकलत होता. त्यातल्या निम्म्याहून अधिक जागेवर बर्फ नव्हताच.

"व्हर्ना, कंपनी विचारतेय, मी सुज्ञ आहे का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हाताच्या पट्टीकडे पाहिलं. टेबलावर माझी अर्धवट काठी पडली होती, रक्ताच्या डागासकट. ती का कोण जाणे तिने टाकू दिली नव्हती.

"सांग त्यांना," ती म्हणाली, "याहून वाईट असू शकला असता."

फोनवर मी कसंबसं म्हणालो, "हो, आहे. तिने सांगितलं." आणि ठेवून दिला. हाताचं अजून ठरलेलं नाही. ठरवू देत.

मग मी स्वयंपाकघरात गेलो, एका हाताने कॉफी केली आणि तिच्यासमोर उभा राहिलो. खरं सांगायचं तर हॉस्पिटलमधून आल्यापासून मी तिला काही हवं का विचारायचं टाळत होतो.

"व्हर्ना, कॉफी घेतेस?"

तिने शाल सारखी केली. बाहेर बघितलं.

"नको," व्हर्ना म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. मी खुर्ची ओढून बसलो आणि सवडीने दुसऱ्यांदा विचारलं.